मांडीवरचा राजा

शहापूर तालुक्यातील माहुली गडाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात शहाजीराजांचे शौर्य आहे, मोगलांचे व आदिलशाहीचे डावपेच आहेत. परंतु ज्याच्या नावाने तो सारा संग्राम झाला, त्या बालकाला ओळ-दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. आमच्या मते ही केवळ तपशिलाची उणीव नव्हे, दृष्टीची उणीव आहे.

प्रथम हकिगत पाहू. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. त्या सुमारास निजामशाही बुडू नये म्हणून शहाजीराजांनी त्याच घराण्यातील मुर्तझा नावाच्या लहान मुलाला पेमगिरी येथे गादीवर बसविले व त्याच्या नावाने कारभार चालविला. १६३६ साली शहाजहान आणि आदिलशहा यांनी तह करून निजामशाही मुलूख आपसांत वाटून घेतला. खानजमान व रणदुल्लाखान यांच्या फौजांनी माहुलीला वेढा दिला. अखेर राजांनी गड सोडला व ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले. मुर्तझा मोगलांच्या स्वाधीन झाला. त्याचीही रवानगी ग्वाल्हेरलाच झाली.

रोमच्या इतिहासात या कथेचे जुळे भावंड आढळते. इ. स. ४७५ मध्ये ओरेस्तेस या सेनापतीने आपल्या रोम्युलस नावाच्या पोराला पश्चिम रोमन साम्राज्याच्या गादीवर बसविले. दहा महिन्यांनी ओदोआकरने ओरेस्तेसला ठार केले. मुलाचे कोवळे वय पाहून त्याला जिवंत सोडले आणि ६,००० सुवर्णनाण्यांचे वेतन बांधून कांपानियात पाठविले. इतिहासात तो 'ऑगस्टुलस', म्हणजे 'चिमुकला ऑगस्टस', या उपहासाच्या नावानेच राहिला. साम्राज्य बुडविले मोठ्यांनी. बट्टा लागला तो लहानग्याच्या नावाला.

आता आपल्याकडचे लेखन. शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने विजेत्याचा हिशेब लिहिला; त्यात हे मूल शरणागतीचे एक कलम आहे. राजवाड्यांनी १९२२ मध्ये 'राधामाधवविलासचंपू' प्रसिद्ध करताना जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत शहाजीराजांच्या कर्तृत्वाला न्याय दिला. त्या कार्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु पुढच्या लेखकांनी नायक उचलला आणि बालक तेथेच ठेवले.

लोककथेत तर राजे मुलाला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसतात. चित्र गोड आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. मांडी देणाऱ्याचे वात्सल्य डोळ्यांत भरते. तेच मूल पुढे तहाच्या तराजूत पडले, हे विसरले जाते. हा राजांवर आरोप नव्हे. दोन बलाढ्य सत्तांपुढे त्यांच्यापाशी फारसा मार्ग उरला नव्हता. आमचा आक्षेप लेखकांवर आहे. मूल गादीवर चढते तो प्रसंग रंगवायचा आणि ते गड उतरते तेव्हा 'स्वाधीन केले' एवढ्या दोन शब्दांत आटोपते घ्यायचे, हा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, साधनेच मूक असतील तर लेखकाने काय करावे? त्याने ते मौन वाचकांना दाखवावे, गोड चित्राने झाकू नये. जुन्या करारातील योआश सातव्या वर्षी राजा झाला. त्याला सहा वर्षे लपविणारी आत्या आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा याजक यहोयादा यांना तेथे नावानिशी स्थान आहे. मूल कोणाच्या हाती वाढले, ही गोष्ट त्या लेखकाला राज्याच्या कथेबाहेरची वाटली नाही.

इतके दूर तरी कशाला जावे? मुरबाडकडून नाणेघाट चढला की माथ्यावर सातवाहनांचे लेणे लागते. तेथील मूर्ती नाहीशा झाल्या आहेत; पण राणी नागनिकेच्या नावाबरोबर कुमारांची नावेही दगडात टिकून आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरविणाऱ्यांना कुमारांची नावे गाळावीशी वाटली नाहीत.

माहुलीवर पुढे जो कोणी लिहील, आणि आपल्या मुलांना गडावर नेऊन जे आईबाप ही कथा सांगतील, त्यांनी मुर्तझाचे नाव अवश्य घ्यावे. ऐकणारे मूल बहुधा पहिला प्रश्न त्याच्याविषयीच विचारील: मग त्याचे पुढे काय झाले? ग्वाल्हेरचा बंदिवास हे उत्तर कटू आहे. पण ते टाळू नये.