35 फुटांवरून सी हॉक

दोन महिने खपून मी एक विमान गंजवलं. हॉकर सी हॉक, हॉबी बॉसचं किट, 1/72 स्केल, नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम 17 सेंटिमीटर. पॅनेलच्या रेषांत गडद वॉश, पोटाखाली तेलाचे ओघळ, पंखांच्या कडांना रंगाचे पोपडे आणि चाकांच्या वरच्या बाजूला मोठ्या प्रेमाने लावलेला तपकिरी गंज. मग ते आबांच्या हातात दिलं. आबा म्हणजे माझे आजोबा. पन्नासेक वर्षं समुद्रावर गेलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "ह्यो गंज कुठला?"

मी म्हटलं, समुद्रावरचं विमान आहे, खारं वारं लागतं ना.

"मंग? ॲल्युमिनमवर पांढरी भुकटी येते. ह्यो तर लोखंडाचा गंज हाय."

सी हॉकचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तो लाल गंजत नाही, पांढरा फुलतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, इंजिनिअरिंगला मटेरियल्सच्या पेपरात मी ते लिहूनही आलो होतो. तरी हातून तपकिरी रंग लागला, कारण गंज कसा करायचा हे मी विमानाकडे बघून शिकलोच नव्हतो. मी ते दुसऱ्यांच्या मॉडेल्सचे व्हिडिओ बघून शिकलो होतो. ज्यांचे व्हिडिओ मी बघितले, तेही बहुतेक तसेच शिकले असणार.

या छंदात सगळ्यात मोठी दाद म्हणजे 'एकदम खरं वाटतं'. माझी तक्रार याच दादेबद्दल आहे. आपण जिला खरेपणा म्हणतो ती एक शैली आहे. घराण्याची गायकी असते तशी. तिचे ठरलेले अलंकार आहेत. आधी काळा रंग मारून वर पातळ राखाडी थर द्यायचा म्हणजे पत्र्याचा मधला भाग फिकट दिसतो. रेषांत वॉश भरायचा. कडांना पोपडे काढायचे. रणगाड्यांच्या मॉडेलिंगमध्ये 'स्पॅनिश स्कूल' म्हणून ओळखली जाणारी, उजेड-सावली भडक करून रंगवण्याची पद्धत लोकप्रिय झाली, आणि विमानंही त्या वाटेने गेली. हे सुंदर दिसतं, मलाही आवडतं. पण ते विमानाबद्दल काही सांगतं का?

साधा हिशेब करू. माझ्या किटवरची पॅनेलची रेष साधारण 0.2 मिलिमीटर रुंद आहे. 72 ने गुणा. 14 मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे खऱ्या सी हॉकच्या दोन पत्र्यांमध्ये माझं बोट जाईल एवढी फट! असं विमान धावपट्टीच्या टोकाला तरी पोचेल का? आणि आपण त्या फटीत काळा रंग भरून ती आणखी उठावदार करतो. पोपड्यांचीही तीच गत. त्यासाठी एक लाडकी युक्ती आहे. पृष्ठभाग ओला करायचा, त्यावर मीठ भुरभुरायचं, वरून रंग फवारायचा, वाळला की मीठ खरवडायचं. मिठाच्या बारीक दाण्याचा, 0.3 मिलिमीटरचा ठिपका 72 पट केला की दोन सेंटिमीटरचा पोपडा होतो. विमानभर असे शेकडो.

ही युक्ती मी मच्छीमार नगरात बसून करत होतो, यातली गंमत मला आबांनी हटकल्यावर कळली. आमच्याकडे मीठ दारात असतं. खिडकीच्या गजावर, स्कूटरच्या सायलेन्सरवर, एसीच्या बाहेरच्या डब्यावर. ते वरून भुरभुरल्यासारखं कधीच काम करत नाही. आधी रंग फुगतो. फोड येतो. महिनाभर तो फोड तसाच असतो आणि खाली पत्रा खाल्ला जात असतो. मग एक दिवस पापुद्रा निघतो आणि ओघळ सुरू होतो, तोही पावसाचं पाणी जिथून वाहतं तिथूनच. आणि ज्या वस्तूवर पोट आहे तिला लोक एवढं होऊ देत नाहीत. पावसाळ्याच्या बंदीत बोटी वर काढतात, घासतात, नारळी पौर्णिमेच्या आधी रंगवून मोकळे होतात. आमच्या किनाऱ्यावरची कामाची बोट चकचकीत असते. गंजलेली दिसते ती पडून राहिलेली. नौदलाच्या विमानांचंही तेच. खारं पाणी लागलं की ती गोड्या पाण्याने धुवायची, जिथे रंग गेला तिथे हात मारायचा. म्हणजे वापराची खरी खूण गंज नव्हे, ठिगळ. जुन्या राखाडीवर नव्या राखाडीचा किंचित न जुळणारा चौकोन. असं ठिगळ रंगवायला धीर लागतो, कारण फोटोत ते तुमचीच चूक वाटतं.

भडकपणाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो टाकाऊ नाही. खेळण्याएवढ्या वस्तूवर खऱ्या उन्हासारखी सावली पडत नाही, म्हणून ती रंगाने आणावी लागते, जसा नाटकात मेकअप लागतो. ठीक. पण नाटकातला मेकअप शेवटच्या रांगेसाठी असतो. हा मेकअप उलट सहा इंचांवरूनच दिसतो, चार हात मागे गेलात की गायब. तो प्रेक्षकासाठी नाहीच, मोबाइलच्या मॅक्रो लेन्ससाठी आहे. ऑफिसात माझं अर्ध आयुष्य बटणाची सावली दोन पिक्सेल की तीन या वादात जातं, त्यामुळे हा आजार मी चटकन ओळखतो.

1/72 हे माप मुळात कुठून आलं ते बघितलं तर हे आणखी विचित्र वाटतं. एक इंच म्हणजे सहा फूट, एवढाच त्याचा अर्थ. 1932 साली इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाची लाकडी मॉडेल्स या मापात आली. पुढे महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेल्स मागवली, याच मापाची, काळ्या रंगाची. ना पॅनेल, ना गंज, ना चिन्हं. ती विमानं ओळखायला शिकवण्यासाठी होती. 1/72 चं मॉडेल 35 फुटांवर धरलं की अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. आपलं की शत्रूचं हे त्या आकारावरून क्षणात सांगता आलं पाहिजे, नाहीतर आपल्याच माणसांवर गोळ्या सुटतात. ज्या मापाचा जन्म लांबून बघण्यासाठी वापरला गेला, त्याला आपण भिंग लावून बसलोय.

आता माझं विमान. किट ब्रिटिश नौदलाच्या सी हॉकचं होतं, मला हवं होतं विक्रांतवरचं. विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली, मी त्याच वर्षीचा. पुढे ती मुंबईच्या गोदीत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा शाळेच्या सहलीत मी तिच्या डेकवर गेलोय. डेक तापलेला होता आणि मला तहान लागली होती, एवढंच नीट आठवतं. तिच्यावरच्या 300 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे, 'व्हाइट टायगर्स'कडे, सी हॉक होती. 4 डिसेंबर 1971 ला त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला.

भारतीय विमान करायचं ठरवलं की सूचनापत्रक संपतं आणि खरं काम सुरू होतं. आपल्याकडची काही सी हॉक ब्रिटिश, काही पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून विकलेली. जर्मन विमानांचं शेपटीचं उभं पातं जरा उंच होतं. म्हणजे नुसतं 'विक्रांतवरचं सी हॉक' असं काही नसतं, कुठलं एक ते ठरवावं लागतं, आणि हाताशी असतात धूसर काळे-पांढरे फोटो. त्यात वर्तुळाच्या चिन्हातला केशरी. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. मी मागवलेल्या डिकल्समधला केशरी सरळ नारिंगी निघाला, संत्र्याच्या गोळीसारखा. शेवटी तीन रंग मिसळून, वर्तुळं कापून, हाताने फवारली. जुलैत. ज्यांनी मुंबईच्या जुलैत लॅकर फवारलाय त्यांना कळेल. हवेतल्या दमटपणाने वाळता वाळता रंगावर पांढरी साय येते. तीनदा आली. घरात थिनर आणि सुक्या बोंबलाचा वास एकत्र, आई दार उघडं ठेवून पायरीवर बसलेली.

या टप्प्यावर एक गोष्ट वाचनात आली आणि मी आठवडाभर ब्रश उचलला नाही. 1971 च्या लढाईत विक्रांत अधू होती. तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, तिन्हींवर ती चालवली, त्यामुळे वेग कमी. विमानवाहू जहाजाचा वेग म्हणजे डेकवरचं वारं, आणि वारं कमी म्हणजे विमान हवेत जाताना जीव टांगणीला. त्या मोहिमेची अख्खी गोष्ट त्या तड्यात आहे. खाली बॉयलर रूममध्ये घाम गाळणाऱ्या माणसांत आहे. ती कुठल्या पंखावर रंगवू? आपण गंज, तेल, काजळी लावून 'याने खूप सोसलंय' असं सांगू बघतो, पण जे खरोखर सोसलं गेलं ते कातडीवर नव्हतंच. मॉडेल फक्त कातडी करतं. ती त्याची मर्यादा आहे आणि ती मान्य केली तर त्यात लाज नाही. लाज आहे ती कातडीवर खोटे व्रण काढण्यात.

विक्रांतचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तिला तोडायला घेतलं. 2016 मध्ये बजाजने तिचं पोलाद वितळवून, त्याचा अंश वापरून व्ही 15 मोटरसायकल काढली. माझ्या मामेभावाकडे आहे. तो टाकीवर थाप मारून म्हणतो, विक्रांतवर बसतोय. मी आधी हसायचो. आता वाटतं, त्याच्याकडे जहाज आहे पण आकार नाही, आणि माझ्याकडे आकार आहे पण त्यात जहाजाचा किंवा विमानाचा एक कणही नाही. दोघांत जास्त खरं काय, हे मला ठरवता येत नाही. फक्त त्याच्या टाकीवर खोटे पोपडे नाहीत.

आबांनी नापास केल्यावर मी एक प्रयोग केला. आमची खोली दहा फुटांची, म्हणून विमान घेऊन गल्लीत गेलो, टेपने 35 फूट मोजले, शेजारच्यांच्या पिंपावर ते ठेवलं आणि परत आलो. दोन महिन्यांचं काम नाहीसं झालं होतं. वॉश, ओघळ, पोपडे, माझा तो तपकिरी गंज, काहीही दिसत नव्हतं. राहिलं होतं ते सडपातळ अंग, मधोमध सरळ पंख, आणि पंखांच्या मुळाशी जरा जाडी. सी हॉकचा जेट शेपटीतून निघत नाही, इंजिनाचा धूर दोन फाटे फुटून पंखांच्या मागच्या मुळाशी बाहेर पडतो, म्हणून शेपटी अशी निमुळती. आबा दारात उभे होते. चष्मा न लावता म्हणाले, "हां. आता हाय ते. विक्रांतवरचं."

ते तरुण होते तेव्हा जाळं टाकून बसलेले असताना ही विमानं लांबून जाताना दिसायची. आवाज आधी की विमान आधी यावर बोटीत पैजा लागायच्या. त्यांनी ती कधी सहा इंचांवरून बघितलीच नव्हती.

लांबून ओळखणं ही आमच्या वस्तीत कला नाही, सवय आहे. कोणाची बोट येतेय हे लोक तिच्या नाळेच्या चढावरून, डोलण्यावरून सांगतात, रंग दिसायच्या आधी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री बधवार पार्कजवळ, आमच्याच किनाऱ्यावर, रबरी होडीतून दहा जण आले. मी अकरा वर्षांचा होतो. कटकला भारत-इंग्लंड सामना होता, बरेचसे लोक टीव्हीसमोर. तरी जे बाहेर होते त्यांनी त्या पोरांना हटकलं, कोण, कुठले म्हणून. हे नंतर सगळीकडे छापून आलं. हटकायला काय दिसलं असेल अंधारात? आकार. ही होडी आपली नाही, ही माणसं होडीतून उतरतात तशी उतरली नाहीत. पुढे जे झालं ते ओळखण्याने थांबलं नाही, आणि हे आमच्याकडे अजून कोणी सहज बोलत नाही. आबा तर नाहीच.

म्हणून त्या शाळकरी पोरांची काळी लाकडी विमानं मला आताच्या बक्षीसपात्र मॉडेल्सपेक्षा प्रामाणिक वाटतात. त्यांचा दावा एकच होता, हा आकार लक्षात ठेव. मी तेवढंच करून थांबावं असं म्हणत नाही. रंगवायला मला आवडतं, आणि जवळून बघण्याचंही एक सुख असतं. पण जवळून दाखवायचं असेल तर जवळून बघितलेलं दाखवावं. मी गोव्याला दाबोळीच्या नौदल हवाई संग्रहालयात जाऊन उघड्यावर ठेवलेली विमानं बघितली. खाऱ्या हवेत, पावसात उभी. पॅनेलच्या रेषा दोन हातांवरून मला शोधाव्या लागल्या. फोटो काढले, बहुतेक रिव्हेटचे.

घरी येऊन सी हॉकचा रंग उतरवला. पंखांवरच्या निम्म्या रेषा पुटीने बुजवल्या, उरलेल्यांत काळ्याऐवजी अंगाच्याच राखाडीची एक छटा गडद भरली. तपकिरी गेला. डाव्या पंखावर एक ठिगळ ठेवलंय, किंचित निळसर, वाकडं. मित्राला फोटो पाठवला तर त्याने विचारलं, तिथे रंग कमी पडला का?

शेपटीचं अजून ठरत नाही. ब्रिटिश ठेवू की जर्मन? उंच पातं करायचं तर प्लॅस्टिकची पट्टी कापून वर जोडावी लागेल, अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे. आबांना विचारलं, तुम्ही बघायचात त्यांची शेपटी केवढी होती? त्यांनी विमान परत गल्लीत नेऊन ठेवायला सांगितलं.