इक्बालांचे सहावे व्याख्यान

ज्यांचे देशगीत आपली मुले शाळेत गातात, त्या महंमद इक्बाल यांचे गद्य आपल्याकडे क्वचितच वाचले जाते. इस्लामी धर्मविचाराच्या पुनर्मांडणीवरील त्यांची सहा इंग्रजी व्याख्याने १९३० साली लाहोरहून पुस्तकरूपाने निघाली. त्यांतील सहावे आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. ख्रिस्ती वाचकाला ओलांडून जाता येऊ नये असा एक परिच्छेद त्यात आहे.

धर्मग्रंथ व पैगंबरांचा आचार जेथे स्पष्ट उत्तर देत नाहीत, तेथे जाणत्याने स्वतःच्या विवेकाने निर्णय शोधणे म्हणजे इज्तिहाद. पूर्वाचार्यांचा निर्णय प्रमाण मानणे म्हणजे तकलीद. सुन्नी पंथात रोमसारखे एक पीठ नाही. अधिकार चार शाखांच्या आचार्यपरंपरेत वसतो. इज्तिहादचे दार कायमचे मिटले, ही समजूत इक्बाल ठामपणे नाकारतात. यापुढे हा अधिकार एकेकट्या पंडिताकडून निर्वाचित विधिमंडळाकडे जावा, असे ते सुचवतात.

आता तो परिच्छेद. नकोशा नवऱ्यापासून सुटण्यासाठी पंजाबात काही मुसलमान स्त्रियांना धर्मत्याग करावा लागला, असे इक्बाल लिहितात. कारण उघड होते. हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने जवळजवळ जन्मभर वाट पाहायची. धर्म सोडला की मात्र विवाह आपोआप तुटे. अशा स्त्रियांपैकी काहींनी बाप्तिस्मा घेतला. त्या पाण्याकडे त्या श्रद्धेने आल्या की निरुपायाने, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. धर्मरक्षणासाठी असलेला कायदाच धर्म सोडायला लावतो, हे इक्बालांनी नेमके हेरले आहे.

आमचा मतभेद पुढे आहे. इक्बाल तकलीदला जवळजवळ जडत्वच समजतात. (१९१८ च्या फारसी काव्यात, पडत्या काळात तकलीदच बरी, असे त्यांनीच म्हटले होते, व्याख्यानात त्याची आठवण नाही.) पण या स्त्रियांसाठी वाट काढली ती तकलीदच्या कट्टर पुरस्कर्त्याने. देवबंदी परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी पुढच्या काही वर्षांतच मदिनेच्या मालिकी विद्वानांना प्रश्न धाडले, त्यांची मते मागवली, आणि निकडीच्या प्रसंगी हनफींनी मालिकी नियम स्वीकारावा, असा ग्रंथ लिहिला. स्वतःच्या बुद्धीचा दावा नाही. शेजारच्या परंपरेकडून घेतलेली उसनवारी. इक्बालांच्या चौकटीत या माणसाला जागाच नाही, आणि हे व्याख्यानाचे मोठे उणेपण आहे.

मुसलमानेतर सदस्यांच्या विधिमंडळाला इज्तिहाद करता येईल काय, अशी शंकाही इक्बाल हिंदुस्थानपुरती व्यक्त करतात. ते १९३८ साली वारले. पुढच्याच वर्षी मध्यवर्ती विधिमंडळाने, ज्यात सर्व धर्मांचे सदस्य होते, मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा संमत केला. नवरा चार वर्षे बेपत्ता असल्यास, किंवा दोन वर्षे पोटगी न दिल्यास, स्त्रीला न्यायालयात विच्छेद मागता येऊ लागला. निवाडा मुसलमान न्यायाधीशानेच करावा, ही उलेमांची अट मात्र त्यात राहिली नाही. विधिमंडळाचे बळ इक्बालांना दिसले होते, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. विधिमंडळापुढे ठेवायचा मजकूर मात्र थानवींसारख्यांच्या अभ्यासिकेतून आला.

त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते की, मुसलमान पत्नीने धर्म सोडल्याने तिचा विवाह आपोआप तुटणार नाही. त्यानंतर सुटकेसाठी कुणा स्त्रीला बाप्तिस्मा मागण्याचे कारण उरले नाही.