दाढीवाल्याची माफी आणि मुक्ताचा निबंध

‘शालेय इंग्रजीतली समाजसेवा’ असा विषय घेतला की पहिला मोह तक्त्याचा. धडे किती, मूल्यं कोणती, टक्के किती. तक्ता जरूर करा, पण त्याआधी एक धडा नीट वाचा.

एनसीईआरटीच्या ‘हनीकोम्ब’ या सातवीच्या पुस्तकात टॉलस्टॉयची ‘थ्री क्वेश्चन्स’ ही गोष्ट पहिलीच होती. पुण्यातल्या सीबीएसई शाळांतली कितीतरी मुलं ती शिकून पुढे गेली. राजा तीन प्रश्न घेऊन संन्याशाकडे जातो, त्याचे वाफे खणून देतो. तेवढ्यात एक जखमी दाढीवाला धावत येतो. राजा त्याची जखम धुतो, पट्टी बांधतो. मग संन्यासी सांगतो: महत्त्वाची वेळ आत्ताची, महत्त्वाचा माणूस समोरचा, आणि काम म्हणजे त्याचं भलं करणं. वर्गात इथे सेवेचा धडा संपतो.

पण तो जखमी का झाला? राजाच्याच शिपायांनी वार केला म्हणून. आणि तो राजाला मारायला का आला होता? राजाने त्याच्या भावाला मृत्युदंड दिला, मालमत्ता जप्त केली म्हणून. हे सगळं गोष्टीत स्वच्छ लिहिलंय, टॉलस्टॉयने काही लपवलेलं नाही. राजा मालमत्ता परतही देतो. भाऊ अर्थातच परत येत नाही. माझा आक्षेप धड्याखालच्या प्रश्नांवर आहे. दाढीवाल्याने राजाची माफी का मागितली, हे तिथे विचारलंय. राजाने मागायला हवी होती का, हे विचारलेलं नाही. (स्वाध्याय हीसुद्धा संहिताच असते, आपल्याकडे ती कुणी वाचत नाही.)

याच शहरात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने एक निबंध लिहिला होता. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. विषय: मांग-महारांचं दुःख. पेशवाईतला जुलूम, छपराविना होणारी बाळंतपणं, धर्माच्या नावाने लोटून दिलेली माणसं, हे सगळं ती ‘आम्ही’ म्हणून सांगते आणि शेवटी आपल्याच लोकांना शिका म्हणते. १९९१ साली सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या इंग्रजी संग्रहात तो भाषांतरित होऊन आला. म्हणजे इंग्रजीच्या तासाला वाचता येईल असा मजकूर आहे, आणि आहे तोही एका विद्यार्थिनीचाच.

टॉलस्टॉयचा न् मुक्ताचा संबंध जोडायला जाऊ नका, तो नाही. तुलना आहे ती बोलणाऱ्याच्या जागेची. गोष्टीत पट्टी बांधणाऱ्याला प्रश्न पडतात. मुक्ताच्या निबंधात जखम झालेलाच विचारतो.

सातवीच्या पोरांना हे जड होईल, असं एका चर्चेत मला सांगितलं गेलं. असेलही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमुळे आता एकाच बाकावर दोन्हीकडची मुलं बसतात. शाळा वस्तीत ‘सेवे’ला जाते आणि परत आल्यावर सगळ्यांना इंग्रजीत वृत्तान्त लिहायला लावते. त्याच वस्तीत राहणाऱ्या मुलीने ‘वी’ लिहिलं, तर त्यात ती कुणाला धरते आणि ‘दे’मध्ये कुणाला? पन्नास धड्यांचा तक्ता करण्याऐवजी अशा पाच वह्या, परवानगी घेऊन, वाचायला बसा.