‘हम दोनो’ : आमान्सिओ डिसिल्व्हा यांची गिटार

वाशीममध्ये जॅझवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतोच : या संगीताचा आणि आपला काय संबंध? आम्ही त्याचं उत्तर एका मुंबईत जन्मलेल्या कलावंताच्या आधारे देणार आहोत. आमान्सिओ डिसिल्व्हा. जन्म १९३६, कुटुंब मूळचं गोव्याचं. गिटारवादक, संगीतरचनाकार आणि पुढे शिक्षक. साठच्या दशकात ते लंडनला गेले आणि १९९६ मध्ये वारले.

त्या काळात लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ’ची हवा होती. कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी एक मोठा प्रयोग केला होता. एका बाजूला जॅझचा ताफा, दुसऱ्या बाजूला सतार, तबला, तंबोरा. तबल्यावर आपले केशव साठे. प्रयोग महत्त्वाचा, यात वाद नाही. पण ऐकताना वाटत राहतं, की दोन घरची माणसं एकमेकांना मान देत आळीपाळीने बोलताहेत.

१९६९ मध्ये त्याच हॅरियटबरोबर डिसिल्व्हांनी ‘हम दोनो’ ही तबकडी केली. नाव हिंदी, पण सतार नाही, तबलाही नाही! गिटार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास, ड्रम आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांविना गाणारा आवाज. मग भारतीय काय? सूर लावण्याची रीत. डिसिल्व्हा कॉर्डांची गर्दी करत नाहीत. एकेरी ओळ पुढे नेतात, सुराकडे थेट न जाता शेजारच्या सुरावरून वळून येतात. ‘बॅलड फॉर गोवा’ ऐका. इथे दोन संगीतं शेजारी बसलेली नाहीत, ती एकाच हातात आहेत. आमच्या मते त्यांचं खरं काम हे.

सगळंच त्या तोलाचं नाही. १९७१ च्या ‘रिफ्लेक्शन्स’मध्ये गोडवा फार, धार कमी. ‘कोकण डान्स’ नावाचं ध्वनिमुद्रण तर त्यांच्या हयातीत बाजारात आलंच नाही. तबकड्या मोजल्या, तर ही कारकीर्द अर्धवट राहिली असं कुणी म्हणेल.

पण उत्तरायुष्यात ते शिकवत राहिले : लंडनच्या जेनाको कलाकेंद्रात आणि ब्रॉकवुड पार्कच्या कृष्णमूर्ती शाळेत. हा हिशेब आपण धरायचा की नाही? आम्ही धरतो. आजही गिटार घेणाऱ्या पोराला आपण एक तर ‘हे आपलं वाद्य नव्हे’ म्हणतो, नाहीतर चार कॉर्ड बसवून देऊन मोकळे होतो. डिसिल्व्हांची गिटार तिसरी वाट दाखवते : वाद्य कुठलंही असो, कानात जे मुरलंय ते त्यातून निघालं, की ते आपलंच. ‘हम दोनो’ एकदा शांतपणे ऐका, मग बोलू.