कानांनी शिकायची भाषा : ‘फ्रेंच इन अ‍ॅक्शन’ या मालिकेचे परीक्षण

परकी भाषा शिकण्याचे दोन मार्ग पूर्वापार चालत आले आहेत. एक नियमांचा आणि दुसरा सहवासाचा. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्या आमच्यासारख्यांना पहिला मार्ग चांगलाच परिचयाचा आहे. आधी विभक्ती, मग धातूंची रूपे आणि फार उशिरा एखादे जिवंत वाक्य. या मार्गाने गेलेला माणूस जुने ग्रंथ वाचू शकतो, मात्र त्याच भाषेत त्याला पेलाभर पाणी मागता येईल याची शाश्वती नसते. सहवासाचा मार्ग खात्रीचा खरा, पण त्यासाठी घर सोडावे लागते. दूरचित्रवाणीच्या साहाय्याने हा सहवास घरबसल्या मिळू शकेल काय? या प्रश्नाला मिळालेले सर्वांत धाडसी उत्तर म्हणजे १९८७ साली अमेरिकेत तयार झालेली ‘फ्रेंच इन अ‍ॅक्शन’ ही मालिका होय.

आपल्या वाचकांपुढे तिची चर्चा करण्यास कारण आहे. छत्रपती संभाजीनगरमधील आपल्या कुटुंबांतील मुले आज फ्रेंचकडे वळताना दिसतात. कोणी अकरावी-बारावीला मराठी किंवा हिंदीऐवजी अधिक गुण मिळतील म्हणून, कोणी परदेशातील शिक्षणासाठी, तर कोणी वेरूळ-अजिंठ्यास येणाऱ्या पर्यटकांना लेणी समजावून सांगण्यासाठी ही भाषा घेतात. गुणपत्रिकेत नव्वदच्या वर गुण आणि फ्रेंच माणूस समोर येताच मौन, असा अनुभव अनेक पालक सांगतात. अशा वेळी शिकवण्याची एखादी वेगळी रीत तपासून पाहणे सर्वांच्या हिताचे आहे.

या मालिकेचे जनक प्रा. पिएर काप्रेत्स हे जन्माने फ्रेंच आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात अध्यापक होते. २०१४ साली त्यांचे निधन झाले. अर्ध्या अर्ध्या तासाच्या ५२ भागांत त्यांनी एक कथा गुंफली आहे. रोबेर हा अमेरिकन तरुण पॅरिसला येतो, मिरेय या कलेतिहास शिकणाऱ्या फ्रेंच तरुणीशी त्याची ओळख होते, आणि त्या ओळखीच्या भोवती आईवडील, बहिणी, मित्र व शेजारी यांचे एक छोटे विश्व उभे राहते. रोबेरच्या आईची मैत्रीण असलेल्या मादाम कुर्त्वा या मिरेयच्या धर्ममाता आहेत. बाप्तिस्म्याचे नाते कुटुंबांना किती दूरवर जोडते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

प्रास्ताविक सोडले तर मालिकेत इंग्रजीला जवळजवळ प्रवेश नाही. शब्दाचा अर्थ भाषांतराने सांगायचा नाही, तो प्रसंगातून उमलू द्यायचा, असा काप्रेत्स यांचा दंडक आहे. कथेचा प्रवेश संपला की त्यातील एखादा शब्द किंवा वाक्प्रयोग पुन्हा उचलला जातो आणि फ्रेंच चित्रपट, जाहिराती, बातम्या यांतील लहान लहान तुकड्यांतून तो वेगवेगळ्या तोंडी ऐकवला जातो. एकच शब्द रागाने, लाडाने आणि थट्टेने उच्चारलेला ऐकला की त्याचा अर्थ मनात आपोआप स्थिर होतो. शब्दकोशाला हे साधत नाही. ही योजना इतकी नेटकी आहे की मालिकेच्या साऱ्या उणिवा मोजूनही तिला श्रेष्ठ म्हणावे लागते.

कथेची निवडही सहेतुक आहे. ही मालिका आली त्याच वर्षी आपल्याकडे ‘रामायण’ मालिकेने रविवारची सकाळ ताब्यात घेतली होती. ‘पुढे काय झाले’ ही उत्सुकता माणसाला पडद्यासमोर बसवते, हे दोन्हीकडे सारखेच दिसले. आपल्या शैक्षणिक दूरचित्रवाणीने मात्र या उत्सुकतेचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. त्यांतील पुष्कळसे कार्यक्रम म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिलेली व्याख्यानेच होती. मुलांसाठी कार्यक्रम तयार करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ तर २०१७ साली बंदच झाली. गोष्टीतून शिकवण्याची आपली कीर्तनाची परंपरा एवढी मोठी असताना हे व्हावे, याची खंत वाटते.

मराठी घरातील विद्यार्थी ही मालिका पाहू लागला की त्याला एक मौज जाणवेल. ती अमेरिकन विद्यार्थ्यासाठी रचलेली असल्याने जेथे तो अडखळतो तेथे ती थांबते, आणि नेमकी तीच स्थळे आपल्याला सोपी असतात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर इंग्रजी बोलणाऱ्याला समजावून घ्यावे लागते, आपण ते घरातच शिकलेलो असतो. निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते, यात मराठी माणसाला नवल नाही. उलट आपली तीन लिंगे तेथे दोनच आहेत. फ्रेंचांचे ‘प’, ‘त’, ‘क’ हे श्वासाचा झोत न सोडता उच्चारले जातात, म्हणजे आपल्यासारखेच. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार विसा’ म्हणतो हे कळल्यावर, विसांनी मोजणाऱ्या आपल्या खेड्यातील आजीला तो घरचाच वाटेल.

आपल्या अडचणी निराळ्या आहेत आणि त्यांची दखल ही मालिका घेणार नाही. फ्रेंचमधील ‘तू’चा उच्चार करताना ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवावी लागते. हा स्वर मराठीत नाही. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ यांतील क्रियापद तेथे तीन प्रकारे लिहिले जाते, पण तिन्ही वेळा ‘पार्ल’ असेच ऐकू येते. जसे लिहावे तसे वाचावे या सवयीत वाढलेल्या आपल्या मुलांनी म्हणूनच पुस्तकाच्या आधी कानाला काम दिले पाहिजे. त्या दृष्टीने मालिकेचा क्रम आपल्याला अधिकच उपकारक आहे.

आता उणिवांकडे वळू. १९९० साली येलमधीलच काही विद्यार्थ्यांनी मालिकेतील स्त्रीचित्रणाविरुद्ध तक्रार केली होती. ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. कॅमेरा मिरेयकडे कित्येकदा विद्यार्थिनी म्हणून न पाहता शोभेची वस्तू म्हणून पाहतो. तिच्या मागे लागणाऱ्या पुरुषाचा प्रसंग विनोद म्हणून मांडला जातो. पालकांनी हे भाग मुलांसोबत बसून पाहावेत आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलावे. दुसरे असे की हे पॅरिस सुखवस्तूंचे आहे. मिरेयचे वडील रेनो कंपनीत अभियंता, आई आरोग्य मंत्रालयात नोकरीस. परदेशातून कष्टासाठी आलेले माणूस दिसते ते कुर्त्वा यांच्या स्वयंपाकघरातील पोर्तुगीज मोलकरणीच्या रूपाने. आज फ्रेंच बोलणाऱ्यांचा फार मोठा भाग आफ्रिकेत राहतो, त्याची चाहूल येथे लागत नाही. फ्रँक हे नाणेही २००२ साली व्यवहारातून गेले. तेव्हा भाषा घ्यावी, पण हेच फ्रान्स असे मानू नये.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र काप्रेत्स यांची नव्हे, माध्यमाची आहे. पडदा बोलतो, पण ऐकत नाही. विद्यार्थी चुकला काय आणि गप्प राहिला काय, मिरेय आपले पुढचे वाक्य बोलून मोकळी होते. भाषा कानातून आत येते हे खरे, तरी आपले बोलणे ऐकून घेणारे कोणी भेटल्याखेरीज ती जिभेवर टिकत नाही.

याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे, फक्त प्रवासाची दिशा उलटी आहे. फ्रान्समधून आलेले येशूसंघीय एतिएन द ला क्र्वा यांचे संत पेत्रावरील मराठी काव्य १६२९ साली गोव्यात छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सवॉय प्रांतातील आन्सीच्या संस्थेचे मिशनरी आपल्या घोगरगावात आले, आणि फादर जाकिये यांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. फादर गी देल्यूरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. १९७२ साली पुण्यास आलेले गी प्वातव्हँ यांनी हेमा राईरकर यांच्यासह खेड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आज त्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. या मंडळींना मराठी बोलणारी माणसे भेटली आणि त्यांनी त्यांच्यात राहून ती ऐकली. ओवी गाणाऱ्या बाईचे ऐकून घेण्यासाठी जे मराठी लागते ते गुणपत्रिकेत मोजता येत नाही.

म्हणून या मालिकेचा उपयोग एका शर्तीवर करावा, असे माझे मत आहे. ती एकट्याने पाहू नये. दोन-तीन घरांतील मुलांनी एकत्र बसावे, मिरेय उत्तर देण्याआधी चित्र थांबवावे आणि तिचे उत्तर आपण द्यावे. एकाने चुकावे, दुसऱ्याने सुधारावे. वर्षभर असे केल्यावर वेरूळ काही दूर नाही. कैलास लेण्यासमोर उभ्या असलेल्या फ्रेंच पाहुण्याला चार वाक्ये सांगावीत, आणि तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐकावे. तेथवर आणून सोडणे एवढेच मालिकेचे काम आहे, आणि ते ती चोख करते.