अडचण खरी हवी : माझ्या आवडीच्या प्रेमकादंबऱ्या

संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "मराठी प्रेमकादंबऱ्या." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "म्हणजे समाजशास्त्रीय अंगानं ना?" (हशा) नाही हो, आवडीच्या अंगानं. मला कुठल्या आवडतात, कुठल्या नाही, आणि का, एवढंच. पण हा "का" शोधायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून तासभर मागून घेतलाय.

आपला हा पट्टा वाचणाऱ्यांचा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ही मोठी घरं झाली. पण माझ्या लहानपणी डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये वाचनालय जिना चढून यायचं. सायकलला दोन पिशव्या अडकवून एक काका यायचे. आई दारातूनच सांगायची, "दोन जाड, एक बारीक." लेखकाचं नाव नाही, पुस्तकाचं नाही, नुसती जाडी! बारीक पुस्तक त्या रात्रीसाठी, जाड दोन आठवडाभर.

एकच पुस्तक पुन्हा गळ्यात पडू नये म्हणून या बायकांची एक युक्ती असायची. ठरलेल्या पानावर खूण करायची. कोणी फुली, कोणी टिंब. आमच्या आईची खूण म्हणजे बत्तिसाव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल. एकेका पुस्तकात अशा पाच-सात खुणा असत, म्हणजे तितक्या घरांतून ते फिरून आलेलं.

आता आईचं एक वाक्य सांगते, कारण आजचं सगळं भाषण त्यावरच उभं आहे. फडक्यांची एक कादंबरी खाली ठेवत ती म्हणाली, "त्यानं एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर पुस्तक बाराव्या पानावर संपलं असतं." आणि कुकर लावायला गेली.

मी तेव्हा हसले. पुढे एम.ए.ला ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' अभ्यासाला घेतलं. पुस्तक १९३१ चं. गुंतागुंत कशी निर्माण करावी, वाचकाची उत्कंठा कशी वाढवावी, हे त्यात फार स्वच्छ सांगितलंय. फडके होते तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राचे प्राध्यापक. गाठ मारणं आणि सोडवणं हा त्यांचा हातखंडा. आणि मला फडके आवडतात, हे इथं कबूल करते. 'जादूगार', 'दौलत' मी आजही उघडते. वाक्य कसं चालतं बघा, कुठं अडखळत नाही. पण गाठ सुटणारच आहे हे गाठीलाही माहीत असतं. गैरसमज, न पोचलेला निरोप, भलत्याच वेळी भलत्याच माणसानं पाहणं. पोस्टकार्डाची अडचण!

तर माझी कसोटी ही. प्रेमकादंबरीत मी नायिका किती सुंदर आहे ते बघत नाही, शेवट गोड की कडू तेही बघत नाही. मी बघते, या दोघांच्या मध्ये काय उभं आहे? आणि ते पोस्टकार्डानं हटण्यासारखं आहे का?

या कसोटीवर माझी सगळ्यात लाडकी कादंबरी विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. १९३९. बारीक पुस्तक, एका रात्रीचं. युरोपातून निघालेली बोट, तीवर चक्रधर हा आपला मराठी माणूस आणि हॅर्टा ही जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू बाई. दोघंही आधीच्या प्रेमात पोळलेली. बोटीवरचे मोजके दिवस, आणि मग मुंबई. तो उतरतो. तिला उतरता येत नाही. आता इथं कुठलं पोस्टकार्ड टाकणार? मध्ये हिटलर आहे, कागदपत्रं आहेत, बंदर आहे. पण बेडेकर तेवढ्यावर थांबत नाहीत म्हणून ही मोठी कादंबरी. चक्रधराच्या मनातही एक बंदर बंद आहे. तो पुरेसं प्रेम करतो का, ही शंका पुस्तक मिटल्यावरही जात नाही. सगळा दोष जगावर टाकता आला असता तर वाचणारा सुटला असता.

दुसरं नाव विभावरी शिरूरकरांचं, म्हणजे मालतीबाई बेडेकरांचं. ही नवरा-बायको दोघंही माझ्या यादीत आली हा योगायोग. 'हिंदोळ्यावर', १९३४. नवऱ्यापासून दूर राहणारी अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि त्याच्या मुलाची आई व्हायचं ठरवते. आजची मुलगी म्हणेल, घटस्फोट घे ना! पण मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली. तेरा वर्षांनी. कादंबरी कुठंकुठं चर्चा फार करते, पात्रं वादसभेत उभी असल्यासारखी बोलतात, ते मला जड जातं. तरी अडचण शंभर नंबरी. अचलापुढची भिंत लेखिकेनं बांधलेली नाही, ती आधीपासून तिथं होती.

आता जरा नाजूक नाव घेते. चंद्रकांत काकोडकर. (हशा) हसलात, म्हणजे वाचलेत! 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं. निकालाचा सूर साधारण असा, की कथा फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाचा अनुभव तोकडा असेल, पण अश्लील नाही. समीक्षकांनीही याहून वेगळं काय म्हटलं? गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' थिएटरात लागला. मला काकोडकर फारसे आवडत नाहीत. त्यांच्या अडचणी भराभर येतात आणि भराभर जातात. पण आईला आवडायचे, आणि इथं मला एक सांगायचंय.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, घरी मैत्रिणी आलेल्या असताना, मी आईच्या हातातलं पुस्तक बघून म्हटलं, "काय हे वाचतेस, आई!" ती काही बोलली नाही. त्यानंतर तिची पुस्तकं बाहेरच्या खोलीत दिसली नाहीत. ती ओट्याखालच्या कप्प्यात, पिठाच्या डब्यामागे गेली. ज्या बाईच्या एका वाक्यावर आज मी इथं उभी आहे, तिला मी वाचनावरून लाजवलं होतं. तेव्हा माझ्या स्वतःच्या हातात गौरी देशपांडे होत्या.

'एकेक पान गळावया', १९८०. गौरीबाईंनी अडचण उचलून लग्नाच्या आत ठेवली. बाहेर कोणी खलनायक नाही, नवरा सुसंस्कृत आहे, पैसा आहे, तरीही प्रेम अवघड आहे. हे मराठीत फार महत्त्वाचं. माझी तक्रार एकच. त्यांच्या बायकांना खोली मिळते हो! विचार करायला, पत्र लिहायला, रडायला दार लावता येतं. डोंबिवलीत आम्ही सहा जण दोन खोल्यांत होतो. रडायचं तर नळ सोडून मोरीत.

वपु काळ्यांचा 'पार्टनर' (१९७६) मला म्हणून जवळचा वाटतो. त्यातली सुभाषितं पोरं वहीत उतरवून घ्यायची, मला ती आता गुळचट वाटतात. पण त्यात संसाराला जागा लागते, आणि जागेपायी घरात माणसं कशी कडू होतात, हे आहे. लेखक स्वतः वास्तुविशारद, त्यामुळे जागेची किंमत त्यांना ठाऊक.

आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा', २००४. आणीबाणीतली नववी. मी त्याच वर्षी नववीत होते, तेव्हा माझं मत पक्षपाती समजा. मुकुंद जोशी शिरोडकरला नुसतं बघतो, बोलतो, तेवढ्यातच सगळं. मध्ये उभं काय? वय. चौदाव्या वर्षी माणसाच्या हातात काहीच नसतं. आईबाप बिऱ्हाड हलवतात आणि तुमचं जग जातं. याहून साधी आणि न हटणारी अडचण मी दुसरीकडे वाचली नाही.

आई गेल्यावर काही वर्षांनी एका वाचनालयानं काढून टाकलेली पुस्तकं विकायला ठेवली होती. त्यात 'रणांगण'ची जुनी प्रत मिळाली. सवयीनं बत्तिसावं पान उघडलं. आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल होता, आणि त्या गोलाबाहेर आणखी एक गोल. आठवणीसाठी एक पुरला असता. म्हणजे तिनं ते पुन्हा मागून घेतलं होतं, आणि या खेपेला जाडी नव्हे, नाव सांगून. माझ्याशी मात्र त्या पुस्तकाबद्दल ती कधी बोलली नाही. मी विचारलंही नव्हतं.

एक मागणं आहे. सकाळची गाडी, तो फास्टला, ती लेडीज डब्यात, भेट फलाटावरच्या चार मिनिटांची, आणि लग्न अडलंय ते बदलापूरच्या पुढे तरी एक खोली परवडेल का यावर. ही कादंबरी आपल्या पट्ट्यातल्या कोणीतरी लिहायला हवी. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या ड्रॉवरमध्ये तिची पानं पडून असतील, तर चहाच्या वेळी मला गाठा. मी नऊ बावन्नच्या लोकलपर्यंत इथंच आहे.