‘मूळ’ या एका शब्दाविषयी

आमच्या वैजापूर परिसरातील काही उत्साही तरुणांनी एक छोटीशी स्मरणिका काढण्याचे योजिले होते. मजकूर नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे आला. त्यात ‘मराठी आणि आपण’ या मथळ्याखाली एक परिच्छेद होता आणि त्या परिच्छेदात पुढील आशयाचे वाक्य होते : फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण मुळात देवनागरीतच लिहिले गेले असून ती मूळ प्रत लंडनमध्ये सापडल्याने हे सिद्ध झाले आहे. मी ‘मूळ’ आणि ‘सिद्ध’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. लिहिणारा तरुण नाराज झाला. ‘‘सर, इंग्रजी नियतकालिकात छापून आले आहे. शिवाय ते लिहिणारा आपल्यापैकी नव्हता. मग तुम्हीच का शंका घेता?’’ असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याला दिलेले उत्तर त्या वेळी अपुरे पडले, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम ज्याविषयी वाद नाही ते पाहू. टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने वडिलांना पाठविलेले प्रवासवर्णनपर पत्र पुढे हॅक्लुइटच्या संग्रहात छापले गेले. साष्टीच्या लोकांत त्याने चाळीस वर्षे काढली आणि १६१९ साली त्याचा अंत झाला. त्याचे पुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा गोमंतकात रोमी लिपीत छापले गेले. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून जी आवृत्ती काढली तीही रोमीतच होती. तिच्यात १०,९६२ ओव्या आहेत. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती दिली, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाला हे काव्य आपल्या अक्षरांत दिसले.

येथेच पहिला खड्डा आहे. बंडेलूंची आवृत्ती देवनागरीत आहे खरी, पण ती सालढाणांच्या रोमी पाठाचे लिप्यंतर आहे. आमच्या तरुण मित्राने ग्रंथालयात हेच पुस्तक पाहिले होते. देवनागरी ग्रंथ हाती आला आणि लंडनच्या देवनागरी प्रतीची वार्ता कानी आली. दोन्हींची सांगड त्याच्या मनाने आपोआप घातली. वस्तुतः पुण्याच्या पुस्तकाचा लंडनच्या प्रतीशी काही संबंध नाही. दोन पुरावे शेजारी ठेवल्याने एकमेकांना बळ देतात असे वाटते, परंतु ते एकाच गोष्टीचे पुरावे आहेत की नाहीत हे आधी पाहावे लागते.

आता लंडनच्या प्रतीकडे वळू. विल्यम मार्सडेन या विद्वानाने जमविलेली हस्तलिखिते लंडनच्या किंग्ज कॉलेजमार्फत १९१७ मध्ये प्राच्यविद्या विद्यालयात आली. त्यांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखिते होती. जस्टिन ॲबट यांनी ती ओळखली आणि १९२३ साली त्या विद्यालयाच्या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. टिपणाच्या मथळ्यातच ख्रिस्तपुराणाच्या मूळ देवनागरी संहितेचा शोध लागल्याचे म्हटले होते. आमच्या स्मरणिकेतले वाक्य कितीही हातांतून फिरून आले असले तरी त्याचा उगम तेथे आहे.

लिहिणारा कोण, हा प्रश्न परीक्षकाने विचारलाच पाहिजे, आणि ॲबट यांच्या बाबतीत त्याचे उत्तर मोठे समाधानकारक आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षे मराठीत घालविली आणि एकनाथ, तुकाराम, महिपती यांना इंग्रजीत नेले. जुनी मराठी त्यांना परकी नव्हती. शिवाय ते प्रॉटेस्टंट. सोळाव्या शतकातल्या एका येशूसंघीयाची थोरवी वाढवून त्यांच्या मिशनला काही मिळायचे नव्हते. आमच्या मित्राचा ‘आपल्यापैकी नव्हता’ हा मुद्दा म्हणून पोकळ नाही. ज्याला लाभ नाही त्याची साक्ष अधिक मोलाची असते. मात्र लाभ केवळ पंथाचाच असतो असे नाही. ज्याला हस्तलिखित सापडते त्याला ते मूळच असावे असे वाटणे हाही एक लाभच आहे, आणि विद्वान त्यातून सुटत नाहीत.

परंतु माणूस चांगला म्हणून युक्तिवाद चांगला, असे होत नाही. ॲबट यांचा भर मुख्यतः शब्दांवर आहे. रोमी प्रतींत जेथे पोर्तुगीज किंवा लॅटिन धर्मसंज्ञा येतात तेथे देवनागरी प्रतीत संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. रोमी परंपरेत ग्रंथाचे दोन भाग ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ म्हणून ओळखले जातात. देवनागरीत त्यांची नावे ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’ अशी आहेत. यावरून निष्कर्ष असा की, कवीने आधी शुद्ध देशी शब्दांत लिहिले आणि छपाईच्या वेळी परकी शब्द घातले गेले.

हे होऊ शकते. पण आता हीच गोष्ट उलट बाजूने सांगून पाहा. कवीने त्या काळच्या गोव्यातील चर्चमध्ये रूढ असलेल्या पोर्तुगीज संज्ञा वापरल्या, आणि पुढे कोणा मराठी जाणकाराने ते काव्य देवनागरीत उतरविताना त्या संज्ञा काढून त्या जागी देशी शब्द बसविले. शब्दांतला फरक या दुसऱ्या कथेतही तसाच्या तसा उरतो. जो पुरावा दोन्ही कथांना सारखाच मानवतो, तो त्या दोहोंत निवाडा करू शकत नाही. माझ्या मते ॲबट यांच्या टिपणाचे खरे उणेपण येथे आहे. त्यांनी दुसरी शक्यता समोर उभी करून तिला पाडून दाखविली नाही. अकरा हजारांच्या घरातल्या ओव्यांची तुलना चार-पाच पानांच्या टिपणात होणेही शक्य नव्हते. तेवढ्या जागेत शोधाची बातमी देता येते, निकाल देता येत नाही. निकाल मथळ्यात आला आणि लोकांनी मथळा तेवढा लक्षात ठेवला.

मग निवाडा व्हावा तरी कशाने? याचे उत्तर आपल्या वैजापूरच्या माणसाला विद्यापीठात जाऊन शिकावे लागणार नाही. जमिनीचा वाद तहसिलीत गेला की साधा शेतकरीही विचारतो : ही अस्सल की नक्कल? नक्कल असेल तर कशावरून उतरविली? कोणी, केव्हा? निजामाच्या राज्यातले आपले जुने कागद उर्दूत आणि मोडीत. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात ते कागद पुन्हा उघडले गेले, तेव्हा एका लिपीतून दुसरीत जाताना नावाचे काय काय होते हे पुष्कळांनी पाहिले. आपल्या चर्चमधील जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या लॅटिनमध्ये आहेत. रोमी अक्षरात ‘ड’ आणि ‘द’ एकच. त्यामुळे तिच्यावरून दाखला उतरविताना एखाद्या अनोळखी कारकुनाच्या हातून ‘गायकवाड’चा ‘गायकवाद’ होतो. हसण्याची गोष्ट आहे, पण त्या एका चुकीवरून दाखला कोठून आला हे शपथेवर सांगता येते. देवनागरी कागदावरून उतरविणाऱ्याच्या हातून ती चूक होणारच नाही. त्याच्या हातून ‘घ’चा ‘ध’ होईल, ‘भ’चा ‘म’ होईल.

हीच कसोटी पुराणाला लावावी. जुन्या गोमंतकी रोमीत ‘ट’, ‘ड’, ‘ण’ दाखविण्यासाठी अक्षर दुप्पट करीत. ‘पुराण’ या शब्दातही ‘न’चे अक्षर दोनदा लिहीत. घाईने उतरविणाऱ्याकडून त्यातले एक गळले की ‘ण’चा ‘न’ आणि ‘ट’चा ‘त’ होणार. मार्सडेन संग्रहातील प्रतीत अशा चुकांचे पुंजके सापडले, तर ती रोमीवरून उतरली असे मानावे लागेल. उलट रोमी प्रतींत ‘घ’च्या जागी ‘ध’ वाचल्याच्या खुणा सापडल्या, तर ॲबट यांची बाजू एकदम भक्कम होईल. येथे शब्दांची शुद्धता किंवा सौंदर्य कामाचे नाही, चुकाच कामाच्या आहेत. शुद्ध शब्द कोणीही मागाहून बसवू शकतो. चूक कोणी मुद्दाम बसवीत नाही.

या वादात आणखी दोन साक्षी नेहमी काढल्या जातात. पहिली, स्टीफन्सचे १६०८ चे पत्र. येथील भाषेतली पुस्तके येथल्याच लिपीत छापता यावीत अशी इच्छा त्याने आपल्या वरिष्ठांकडे व्यक्त केली होती. पत्र अस्सल आहे आणि मोठे हृद्य आहे. पण त्यावरून एवढेच ठरते की त्याला देशी लिपीची चाड होती आणि तिचे खिळे त्याच्यापाशी नव्हते. आठ वर्षांनी पुराण रोमीत का छापले गेले, हे त्यातून उमजते. टेबलावर बसून त्याने ओवी कोणत्या अक्षरांत लिहिली, हे उमजत नाही. दुसरी साक्ष ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेची. आपण मराठीत लिहीत आहोत आणि लोकांना समजावे म्हणून ब्राह्मणांच्या बोलीतले काही सोपे शब्दही घेतले आहेत, असे कवी तेथे सांगतो. ही तर प्रत्यक्ष कवीची जबानी! तथापि ती भाषेविषयी आहे, लिपीविषयी नाही. साक्षीदार खरा असून त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे, हा प्रकार आपल्या गौरवलेखांत फार होतो.

आपल्या गौरवलेखांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. गेल्या शतकाच्या आरंभी निघालेल्या इंग्रजी कॅथलिक विश्वकोशात हा कवी ‘टॉमस स्टीफन बस्टन’ या नावाने नोंदलेला आहे. बुश्टन हे त्याचे गाव. गावाचे आडनाव झाले, आणि तेही आपल्याच घरच्या, विद्वानांनी सिद्ध केलेल्या कोशात! तेव्हा ग्रंथ ‘आपला’ आहे, जाडजूड आहे, त्यावर मोठ्या नावांची मोहोर आहे, एवढ्याने त्यातले प्रत्येक वाक्य तपासणीतून सुटत नाही.

ॲबट यांच्या शोधाचे मोल मी कमी करीत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्या प्रतींमुळे प्रथमच कळले की ख्रिस्तपुराण रोमी वाचणाऱ्या मंडळींबाहेर, देवनागरी वाचणाऱ्या मराठी माणसांपर्यंत पोहोचले होते. कोणीतरी बोरू घेऊन हजारो ओव्या लिहिल्या. आधी लिहिल्या की मागाहून, हा प्रश्न त्या श्रमापुढे लहानही वाटू शकेल. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर बंदीचे फर्मान काढले, त्या पार्श्वभूमीवर तर अशी एक प्रत टिकणे हीच मोठी गोष्ट. नंतरच्या अभ्यासकांत मूळ प्रतीबद्दल एकमत झालेले नाही. तरीही बहुतेक सर्वांना ॲबट यांच्या दारावरून जावेच लागते. पुरावा देणारा म्हणून ते विश्वासार्ह आहेत. निवाडा करणारे म्हणून त्यांचे म्हणणे अर्धे राहिले आहे.

राहता राहिला तो तरुण. त्याला ‘मूळ’ शब्द एवढा का हवा होता, हे मला ठाऊक आहे. तुमचा धर्म परका, तुमची अक्षरे परकी, असे कॉलेजात कोणी त्याला ऐकवले होते. चारशे वर्षांपूर्वीची देवनागरी प्रत हे त्याला त्यावरचे हातात घेऊन दाखविण्याजोगे उत्तर वाटले. मलाही ती प्रत मूळ ठरली तर आनंदच होईल, आणि म्हणूनच माझी पेन्सिल त्या शब्दापाशी अधिक काळ थांबली. उद्या त्या कॉलेजातल्याच एखाद्या अभ्यासू मुलाने ॲबट यांच्या टिपणातील फट दाखविली, तर स्मरणिकेतली बाकीची खरी वाक्येही त्याच्याबरोबर पडली असती.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. आम्ही दोघांनी बसून वाक्य नव्याने लिहिले : ‘ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमी लिपीत छापले गेले, त्याची देवनागरी हस्तलिखितेही लंडनमध्ये जतन केलेली आहेत, आणि ती मुळातली की नंतरची याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.’ त्याने ते दोनदा वाचले. ‘‘सर, जरा फिके झाले,’’ तो म्हणाला, आणि मजकूर छापखान्यात देण्यासाठी पिशवीत घातला. जाताना मात्र त्याने बंडेलूंचे पुस्तक पंधरा दिवसांसाठी मागून नेले. ‘ण’ आणि ‘न’ पाहतो म्हणाला. ते लिप्यंतर आहे, त्यात फारसे सापडणार नाही, हे मी त्याला सांगितले, तरी नेलेच.